खिंडीवर दही लागलं त्या दिवशी

सकाळी उठलं की वहिनी आधी दूध तापत ठेवायच्या आणि ते वर येईपर्यंत दारात उभ्या राहून खिंडीकडे बघायच्या. दूध आणि खिंड, दोन्हींवर एकदम नजर ठेवणं कुणालाच जमत नाही, त्यामुळे अधूनमधून दूध उतू जायचंच. मग आतून मास्तर ओरडायचे, "अगं, वास येतोय." मास्तरांना ऐकू कमी यायचं, पण नाक शाबूत होतं, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं ते मोठ्यानं बोलायचे. सगळ्या वस्तीला कळायचं, की वहिनींचं दूध गेलं, म्हणजे आज खिंडीत बघण्यासारखं काहीतरी आहे.

वस्ती खूप उंचावर होती. खालून येणारा रस्ता वर्षातले कितीतरी महिने कधी बर्फानं, तर कधी दरडींनी बंद असायचा. त्या काळात पीठ, औषधं, रॉकेल, पुस्तकं, टपाल, सगळं एका लहानशा मालवाहू विमानातून यायचं. विमान कसलं, पंख लावलेला टेम्पो, असं मास्तर म्हणायचे. हा टेम्पो खालच्या विमानतळावरून उडायचा, दोन डोंगरांमधल्या अरुंद खिंडीतून आत शिरायचा आणि वस्तीशेजारच्या मैदानावर धडधडत उतरायचा. खिंड मोकळी असेल तरच हे जमायचं, आणि ती मोकळी आहे की नाही ते वस्तीतूनच दिसायचं. म्हणून पोस्टाच्या खोलीत एक वायरलेस बसवला होता. रोज सकाळी त्यावरून खाली हवा कळवायचं काम पोस्टमास्तरांचं. ते राहायचेही तिथेच, पोस्टाला लागून असलेल्या दोन खोल्यांत.

मास्तरांचे कान गेले तेव्हा हे काम आपोआप वहिनींकडे आलं. गेले म्हणजे एका दिवसात नाही. आधी खरखरीतून आवाज वेगळा काढता येईना, मग आवाजच येईना. खालून विचारायचे एक आणि मास्तर उत्तर द्यायचे भलतंच. एकदा वैतागून वहिनींनी त्यांच्या हातून माइक काढून घेतला आणि सांगून टाकलं, की यांना ऐकू येत नाही, काय ते मला विचारा. मग तिकडच्या म्हाताऱ्या पायलटनं विचारलं, "वहिनी का?" तेव्हापासून त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या. पुढे त्यांच्या मुलाच्या वयाचे पायलट आले, तेही वहिनीच म्हणायचे, आणि त्या त्यांना भाऊजी म्हणायच्या. कार्यालयाच्या वायरलेसवर नातीगोती चालत नाहीत, असं कुणीतरी एकदा म्हणाल्याचं ऐकिवात होतं, पण त्यानं काही फरक पडला नाही.

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या पायलटनं विचारलं, ढग किती उंचीवर आहेत. वहिनींना ते कसं सांगणार? त्या नुकत्याच दुधाजवळून उठून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, दुधावर साय धरते ना, तशी धरली आहे, खालून सगळं मोकळं आहे. पायलट हसला आणि सायीच्या खालून अलगद आत आला. मग तीच भाषा पडली. ताक म्हणजे पातळ धुकं, पलीकडचं दिसतं, या. साय म्हणजे वर पापुद्रा, खालून वाट आहे. दूध म्हणजे पांढरं आहे पण हलतंय, जरा थांबा. आणि दही म्हणजे लागलं, आज काही खरं नाही, घरी बसा. नवा पायलट आला की जुना त्याला विमानाबरोबर हेही शिकवायचा. सगळं सांगून झालं, की वहिनी शेवटी एक शब्द बोलायच्या. हवा बरी असेल तर "या", नसेल तर "उद्या बघू". पायलट त्या शब्दासाठी थांबायचे.

त्यांतला एक तरुण पायलट मात्र सुरुवातीला या दूधदुभत्यावर फार नाराज होता. त्याला आकडे लागायचे. फुटांत सांगा, म्हणायचा. वहिनी म्हणाल्या, "फूट मोजायला मला वर कोण धरणार आहे, भाऊजी?" पण पोरगा मनाचा मोकळा होता. महिन्याभरात स्वतःच सांगायला लागला, की तुमची साय आज जरा जाड होती, शेपटीला लागली. वहिनींना त्याचा आवाज आवडायचा. त्यानं त्यांना पाहिलं नव्हतं आणि त्यांनी त्याला. विमान उतरायचं तेव्हा वहिनी वायरलेसजवळ असायच्या, माल उतरवून ते लगेच परत फिरायचं, कारण दुपारनंतर खिंडीत वारा सुटायचा. इतकी वर्षं रोज बोलणारी माणसं, आणि एकमेकांचा चेहरा ठाऊक नाही.

त्या दिवशी खिंडीत ताक होतं. अगदी पातळ, पलीकडचा सुळका दिसत होता. वहिनींनी नीट बघितलं, परत एकदा बघितलं, आणि सांगितलं, "ताक आहे, भाऊजी. या." तो म्हणाला, पिठाची पोती आहेत, औषधं आहेत, आणि बायकांनी मागवलेली कोंबडीची पिल्लं आहेत, विमानात नुसता चिवचिवाट चाललाय, स्वतःचं इंजिन ऐकू येत नाही.

विमान खिंडीपर्यंत आलं तेव्हा सगळं ठीक होतं. खिंडीतून आत शिरलं आणि मागून ढग उतरले. डोंगरात हवा अशी फिरते, त्यात कुणाची चूक नसते. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि वहिनींनाही होतं. डोंगराच्या अंगानं खाली कोसळणाऱ्या वाऱ्यानं विमान दाबलं गेलं. वस्तीतल्या लोकांना इंजिनाचा आवाज आला, मग आला नाही. दारात उभ्या असलेल्या वहिनींनी आत येऊन माइक हातात घेतला आणि भाऊजी, भाऊजी, म्हणून हाका मारत राहिल्या. मागे चुलीवर काय चाललं आहे याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तर काही न विचारता शेजारी येऊन उभे राहिले. बायकोच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

बऱ्याच वेळानं खरखर झाली. आधी ऐकू आली ती पिल्लं.

मग त्याचा आवाज आला, दमलेला आणि जरा चकित झालेला. विमान उतारावरच्या जुन्या बर्फात पोटावर घसरत जाऊन थांबलं होतं. एक पंख मागेच कुठेतरी राहिला होता. पाय अडकला होता, तो त्यानं सोडवला, पण त्यावर उभं राहता येत नव्हतं. डोक्याला मार होता. खालच्या विमानतळाला त्याचा आवाज पोचत नव्हता, मधे सबंध डोंगर होता. पोस्टाच्या छपरावरच्या एरियलच्या उंच काठीला मात्र तो कसाबसा पोचत होता. म्हणजे जगात त्याचं बोलणं ऐकू येणारी वहिनी एवढीच व्यक्ती होती.

वहिनींनी खाली कळवलं. तिकडून सांगितलं, ढग असेतो हेलिकॉप्टर येऊ शकत नाही, वस्तीतली माणसं पायी जाऊ शकतील का? माणसं तोवर पोस्टाच्या अंगणात जमलीच होती. मेंढपाळ खांद्यावर दोर टाकून तयार उभा होता, त्याचे दोन भाऊ शिडी आणि घोंगड्या घेऊन आले होते. अडचण वेगळीच होती. खिंडीखालच्या त्या उताराला तीन घळी होत्या. एका घळीतून वर चढलं, की दुसऱ्या घळीत जायला वाट नाही, पार खाली उतरून परत चढायचं. चुकीची घळ धरली तर दिवस गेला. आणि अंधार पडल्यावर त्या बर्फात मोडलेल्या पायाचा माणूस सकाळपर्यंत टिकत नाही. मेंढपाळ म्हणाला, "वहिनी, कुठल्या घळीत ते तेवढं सांगा. चढायचं आमच्याकडे लागलं."

वहिनींनी त्याला विचारलं, काय दिसतंय. तो म्हणाला, काही नाही, सगळं पांढरं आहे. त्याची यंत्रं बंद पडली होती, त्याला दिशाही सांगता येईना. त्याचा आवाज जड व्हायला लागला होता. वहिनींनी पिल्लांची चौकशी केली. तो म्हणाला, खोकं फुटलं, थंडीनं गारठली आहेत, काही मी जाकिटात घातली आहेत. मधेच म्हणाला, एक चावतंय. वहिनी म्हणाल्या, चावू दे, तेवढंच तुम्हाला जागं ठेवेल.

आणि मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण रोजच्या भाषेत.

"पांढरं म्हणजे कसलं, भाऊजी? दूध की दही?"

मग तो म्हणाला, डोक्यावर दही आहे, घट्ट. खाली दूध आहे... नाही, ताक. आत्ता खालचे दगड दिसले. गेले.

वहिनींनी मान वर केली. पोस्टाच्या खोलीची खिडकी अंगणाकडे होती, तिथून उतार दिसत नव्हता, आणि वायरलेस सोडून दारात जाता येत नव्हतं. त्यांनी मास्तरांच्या दंडाला धरून त्यांना दाराकडे वळवलं आणि बोट दाखवलं. एका हाताची तीन बोटं उभी केली, मग हवेत ढवळून दाखवलं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांची एक मुकी बोली तयार झाली होती, तिच्यात हे सगळं मावत होतं. मास्तर दारात गेले, डोळ्यांवर हात धरला आणि ओरडले, "पहिल्या घळीत दूध. तळापर्यंत. तिसऱ्या घळीतही दूध. मधल्या घळीत वर दही आहे, खाली ताकाचा पट्टा आहे. पट्टा वर चढतोय."

वायरलेसमधून तो म्हणाला, "वहिनी, मास्तरांचा आवाज मला थेट येतोय. रेडिओ बंद केला तरी चालेल."

वहिनींना हसू आलं आणि रडूही आलं, पण दोन्हींना वेळ नव्हता. त्यांनी विचारलं, आता काय दिसतंय? तो सांगू लागला, दगड परत दिसतायत, जवळचे पण दिसायला लागले, आता माझ्या विमानाचं शेपूट दिसलं. दारातून मास्तर ओरडले, "पट्टा दह्याला टेकला." तो म्हणाला, शेपूट अगदी स्वच्छ. मास्तर ओरडले, "झाकलं." तो म्हणाला, "गेलं."

वहिनींनी तरी घाई केली नाही. पुन्हा एकदा पट्टा वर येईपर्यंत थांबल्या. बाहेर माणसं दोर हातात घेऊन उभी होती. पट्टा आला, शेपूट दिसलं. पट्टा गेला, शेपूट गेलं. तेव्हा त्यांनी खिडकीतून मेंढपाळाला सांगितलं, मधली घळ, जिथे दही संपून ताक लागतं तिथे. मेंढपाळानं वर बघितलं, मान हलवली आणि निघाला. त्याला ती जागा रोजच्या ताटाइतकी स्पष्ट दिसत होती.

बाकीचा वेळ वहिनी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर धड आठवेना. मास्तरांची पहिली ओळख, सासूनं मारलेले टोमणे, बोहारणीनं गंडवलेलं पातेलं, मुलाला परगावी नोकरी लागली तेव्हा केलेली पाठवणी. तो ऐकतोय की नाही ते कळावं म्हणून मधेच चुकीचं सांगायच्या आणि तो दुरुस्त करायचा, की मघाशी तर पातेलं तांब्याचं होतं म्हणालात. ऊन कलायच्या आत वायरलेसमधून मेंढपाळाची शीळ ऐकू आली. मग त्याचाच आवाज, कुठे बोलायचं ते माहीत नसल्यामुळे लांबून आल्यासारखा: सापडला, वहिनी, पाहुणा सापडला, पिल्लांसकट.

त्याला शिडीवर घोंगड्या बांधून आणलं ते सरळ पोस्टातच. दवाखान्यातली नर्सबाई तिथेच येऊन थांबली होती. खाटेवर ठेवल्यावर त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि वहिनींना विचारलं, वहिनी कुठे आहेत. मीच, त्या म्हणाल्या.

"तुम्ही एवढ्याशा?"

"आवाजावरून माप काढलंत होय?" वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्या जाकिटातून एकेक पिल्लू काढून टोपलीत ठेवू लागल्या. सगळी जगली नव्हती. जी जगली होती ती चुलीजवळ ठेवल्यावर परत भांडायला लागली.

ढग हटेपर्यंत तो त्यांच्याकडेच होता. मास्तर त्याला पत्ते शिकवायचे आणि स्वतःच हरले की ऐकू आलं नाही म्हणायचे. त्यानं वहिनींचे आभार मानायचा प्रयत्न बऱ्याचदा केला. प्रत्येक वेळी वहिनी काहीतरी काम काढून उठायच्या. शेवटी एकदा त्यानं त्यांचा हात धरूनच ठेवला. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी 'या' म्हटलं होतं ना, भाऊजी. बोलावलेल्या माणसाला घरी आणायला नको?"

त्याला न्यायला आलेल्या विमानातून त्याची आई आली. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती आणि तेही पोराच्या अपघातानंतर. वहिनींसमोर ती नुसती उभी राहिली. मग वहिनी म्हणाल्या, दूध तापलंय, चहा टाकते, आणि आई म्हणाली, मी टाकते, तुम्ही बसा. दोघींनी मिळून चहा केला. आईनं पातेल्याचा तळ बघून विचारलं, रोज करपतं का? वहिनींनी मान हलवली. आई म्हणाली, माझंही करपतं, तो उडायला गेला की.

तो सुखरूप गेला आणि वहिनींचं एक बिघडलं. सकाळी त्या खिंड बघायच्या, ताक असेल तर ताक सांगायच्या, साय असेल तर साय, पण पुढचा शब्द तोंडातून निघायचा नाही. दुसरे पायलट थोडा वेळ थांबायचे, मग समजून घेऊन आपलं आपण निघायचे. पण मास्तर बघत होते. विमान उतरून परत जाईपर्यंत वहिनी पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं, की खाली कळवू, आता दुसरं कुणीतरी नेमा. वहिनींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हे काम सोडलं तर आपल्याकडे काय उरतं, हा प्रश्न त्यांनी मास्तरांना त्यांच्या मुक्या बोलीत विचारला.

पाय बरा व्हायला त्याला पुष्कळ महिने लागले. एका सकाळी वहिनींनी हवा सांगितली. ताक आहे, वारा नाही. आणि गप्प बसल्या. पलीकडे इंजिनाचा आवाज चालू होता, पण विमान निघाल्याचं कुणी सांगेना. वहिनींनी विचारलं, कोण आहे. तो म्हणाला, मी.

वहिनींनी माइक खाली ठेवला आणि परत उचलला.

तो म्हणाला, "वहिनी, पोती भरली आहेत, इंजिन तापलंय, आई घरी दूध करपवत बसली आहे. मी बोलावल्याशिवाय येणाऱ्यांतला नाही."

मास्तर दारात उभे होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी खिंडीकडे बघितलं, नीट बघितलं, वळून वहिनींकडे बघून मान हलवली. वहिनींनी माइक दोन्ही हातांत धरला.

"या, भाऊजी," त्या म्हणाल्या.

तो आला. त्या दिवशी वहिनी वायरलेस सोडून पहिल्यांदा मैदानापर्यंत चालत गेल्या आणि चाकं जमिनीला लागताना त्यांनी पाहिलं. परत येताना मेंढपाळाच्या बायकोला म्हणाल्या, की लांबून वाटतं तितकं मोठं नाही गं ते विमान. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी असंख्य वेळा "या" म्हटलं, आणि जो तो आला. देवाची, वाऱ्याची, पायलटांची, त्या मेंढपाळाची, कुणाकुणाची कृपा म्हणायची, असं त्या म्हणायच्या. स्वतःचं नाव त्या यादीत त्यांनी कधी घातलं नाही. कुणी घातलंच तर मास्तरांकडे बोट दाखवायच्या: ओरडले कोण?

मग बारमाही रस्ता झाला, खिंडीवर हवा कळवणारं यंत्र बसलं. मास्तर एका दुपारी पत्ते पिसता पिसता गेले. वहिनींचा छातीचा आजार बळावला तेव्हा त्यांना खाली मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. गाडीनं नेता आलं असतं. पण तो, आता केस पिकलेला, स्वतः विमान घेऊन आला आणि त्यानं त्यांना आपल्या शेजारच्या जागेवर बसवलं. खिंडीतून जाताना त्या काचेला नाक लावून बघत होत्या. त्यांनी दुसऱ्या बाजूनं खिंड कधी पाहिलीच नव्हती.

इस्पितळात तो रोज दुपारी यायचा. त्या कधीकाळी त्याच्याशी बोलत राहिल्या होत्या तसा तो त्यांच्याशी बोलत राहायचा, इकडचं तिकडचं, खरं खोटं. चुकीचं सांगितलं की त्या दुरुस्त करायच्या. डॉक्टर म्हणायचे, आवाज छान आहे यांचा. शेवटच्या दुपारी तो उठायला लागला तेव्हा वॉर्डात भेटायला येणाऱ्यांची गर्दी होती, खाटांच्या मधून माणसं वाट काढत चालली होती. वहिनींनी खाटेच्या कडेवरून खाली वाकून बघितलं आणि त्याला म्हणाल्या, "भाऊजी, जाता जाता माझ्या चपला जरा आत सरकवा. कुणाच्या तरी पायात येतील."